कॅम्प ओव्हन : काजळी जाते, दंतकथा उरते

ऑस्ट्रेलियातील ग्रामीण लिलावांत आणि जुन्या वस्तूंच्या बाजारांत एक जड, काळेकभिन्न भांडे हमखास दिसते. तीन आखूड पाय, घट्ट बसणारे झाकण, बाजूंना दोन कान आणि त्या कानांत अडकवलेली कमानीसारखी कडी. याला तेथे ‘कॅम्प ओव्हन’ म्हणतात. विकणारा माणूस भांड्याबरोबर बहुधा एक गोष्टही देतो. हे पणजोबांनी बॅलरॅटच्या सोन्याच्या खाणींवर वापरले. हे अमक्या मोहिमेबरोबर वाळवंट ओलांडून गेले. हे तमक्या दरोडेखोराच्या तळावर सापडले. भांडे खरे असते. गोष्टीची तशी हमी नसते.

हा धागा त्या भांड्याचा आणि त्या गोष्टीचा आहे. जुने कॅम्प ओव्हन जमवणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांनी जमवलेले ज्ञानही थोडेथोडके नाही. परंतु या छंदाला एक खोड जडली आहे : भांड्यावर कारखान्याचे नाव असेल तर त्याला डोक्यावर घ्यायचे, नसेल तर दुर्लक्षायचे, आणि घरी आणताच ते घासूनपुसून नवे करायचे. या दोन्ही गोष्टींत इतिहासाची हानी होते. कशी, ते समजण्यासाठी आधी भांडे समजून घेतले पाहिजे.

कॅम्प ओव्हन हे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे भांडे. मराठी घरातला बिडाचा तवा ज्याने हाताळला असेल त्याला या धातूचा स्वभाव ठाऊक असतो. तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की लवकर निवत नाही. बिडात कार्बनचे प्रमाण साधारण २ ते ४ टक्के असते. त्यामुळे ते शुद्ध लोखंडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळते आणि साच्यात सहज ओतता येते. पण त्याच कारणाने ते ठिसूळ होते. उंचावरून पडले तर फुटते, तापलेले असताना त्यावर थंड पाणी पडले तरी तडकते.

भांडे वापरण्याची रीत सोपी आहे. जमिनीत उथळ खड्डा करून त्यात निखारे घालायचे, त्यावर भांडे ठेवायचे आणि झाकणावरही निखारे पसरायचे. वरून आणि खालून सारखी आच मिळाली की उघड्या माळावर भट्टी तयार होते. कोकणात आणि गोव्यात काकडीचे धोंडस याच युक्तीने, झाकणावर निखारे ठेवून भाजत. ऑस्ट्रेलियात त्याच युक्तीने पाव, मांसाचे तुकडे आणि ‘डॅम्पर’ नावाची जाड रोटी भाजली गेली. मुल्गा किंवा गिजी या लाकडांचे निखारे कडक आणि दीर्घकाळ टिकणारे. म्हणून कोरड्या प्रदेशात लाकडाची निवड हा स्वयंपाक्याच्या कौशल्याचाच भाग होता.

या भांड्याचे मूळ मात्र ऑस्ट्रेलियात नाही. १७०७ साली एब्राहम डार्बी या इंग्रज कारागिराने लोखंडी पोटाची भांडी केवळ वाळूच्या साच्यात ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यापूर्वी अशा भांड्यांसाठी चिकणमातीचे साचे करावे लागत. ते काम वेळखाऊ होते. वाळूच्या पद्धतीत एकच फर्मा पुन्हा पुन्हा वाळूत दाबायचा, काढायचा आणि पोकळीत रस ओतायचा. भांडी स्वस्त झाली. दोनच वर्षांनी, १७०९ मध्ये, डार्बीने कोलब्रुकडेल येथे कोक वापरून लोखंड गाळले. औद्योगिक क्रांतीच्या पुस्तकांत दुसरी घटना ठळक अक्षरांत असते आणि पहिली तळटीपेत. स्वयंपाकघराच्या इतिहासाच्या दृष्टीने हा क्रम उलटा असायला हवा.

१७८८ मध्ये सिडनीला ब्रिटिश वसाहत झाली तेव्हा लोखंडी भांडी जहाजांतूनच आली आणि पुढेही बराच काळ येत राहिली. पश्चिम ब्रॉमविचमधील केनरिक, वुल्व्हरहॅम्प्टनमधील क्लार्क, स्कॉटलंडमधील कॅरन आणि फॉलकर्क येथील ओतशाळा ही त्या व्यापारातील मातब्बर नावे. ब्रिटनमधील ओतशाळांची भांडी साम्राज्यभर पसरली. दक्षिण आफ्रिकेत तीन पायांच्या भांड्यांवर ‘फॉलकर्क’ हे नाव आजही ओळखीचे आहे. तेव्हा ज्या भांड्याला ऑस्ट्रेलियन बुशचे प्रतीक म्हणून मिरवले जाते, त्यातील पुष्कळसे ब्रिटनमध्ये ओतलेले असण्याचा संभव असतो. यात कमीपणा काही नाही. ऑस्ट्रेलियात वापरले गेले म्हणून ते ऑस्ट्रेलियन. पण ‘येथे बनले’ आणि ‘येथे वापरले’ ही दोन वेगळी विधाने आहेत आणि दोहोंना वेगळा पुरावा लागतो.

स्थानिक ओतकाम हळूहळू उभे राहिले. मेलबर्नमध्ये लँगलँड्स ओतशाळा १८४२ मध्ये सुरू झाली. न्यू साउथ वेल्समधील मिटागाँग येथे १८४८ च्या सुमारास स्थानिक खनिजापासून लोखंड गाळण्याचा पहिला प्रयत्न झाला. मग १८५१ मध्ये सोने सापडले आणि माणसांचे लोंढे आले. तंबूत राहणाऱ्या माणसाला चूल बांधता येत नाही, भट्टी तर नाहीच. अशा वस्तीत एकाच भांड्यात भाजणे, तळणे, शिजवणे जमत असेल तर त्याला मागणी येणारच. लहान ओतशाळेला त्यासाठी खनिज गाळण्याची गरज नव्हती. मोडीत आलेले बीड क्युपोला भट्टीत वितळवून नवी वस्तू ओतता येत असे.

येथे एक सुंदर तांत्रिक खूण आहे आणि तरुण अभ्यासकांनी ती लक्षात ठेवावी. बीड थंड होताना आकसते. एका फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच, म्हणजे जवळजवळ १ टक्का. म्हणून फर्मा करणारे कारागीर मुद्दाम किंचित मोठी मापे असलेली पट्टी वापरतात. आता समजा, एखाद्या ओतशाळेने वेगळा फर्मा न करता आयात झालेले भांडेच वाळूत दाबून त्याची नक्कल ओतली. ती नक्कल मूळ भांड्यापेक्षा १ टक्क्याने लहान निघेल. १२ इंचांच्या भांड्यात हा फरक एक अष्टमांश इंचाचा. नकलेची नक्कल केली तर आणखी तेवढाच. शिवाय अक्षरांच्या कडा प्रत्येक वेळी अधिक बोथट होतात. अर्थात उत्पादनात थोडेफार कमीजास्त होणारच, त्यामुळे एका मापावरून निकाल देता येत नाही. पण एकाच घडणीची पाच-सहा भांडी अचूक मोजली तर त्यांच्यातील आई-लेकीचे नाते दिसू शकते. ज्या भांड्यावर नाव नाही, त्याची वंशावळही अशी मापांतून बोलू शकते. बाजारात या मोजमापाला काडीचीही किंमत नाही, ही गोष्ट बाजाराविषयी बरेच काही सांगते.

तळाकडेही पाहावे. साच्यात रस जेथून ओतला तेथे गाठ राहते. ती तोडून घासली तरी खूण उरते. जुन्या भांड्यांच्या तळाशी ही खूण कधी गोल असते, कधी लांबट रेघेसारखी. पुढे बाजूने रस सोडण्याची पद्धत रूढ झाली आणि तळ सपाट निघू लागले. संग्राहक यावरून वय ठरवतात आणि स्थूलमानाने ते ठीकही आहे. परंतु नवी पद्धत आली म्हणून जुनी त्याच दिवशी बंद पडत नाही. आडगावातील छोटी ओतशाळा बाप-आज्याच्या पद्धतीने पुढची कित्येक वर्षे काम करू शकते. तळाची रेघ पाहून ‘१८५० चे’ असे ठणकावून सांगणारा विक्रेता रेघेला तिच्या ऐपतीबाहेर बोलायला लावतो.

लेखी खुणा अधिक भरवशाच्या. ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या आकृतिबंधांवर १८४२ ते १८८३ या काळात चौकटीच्या आकाराचे चिन्ह असे. १८८४ पासून त्याऐवजी नोंदणी क्रमांक आला. असा क्रमांक एखाद्या भांड्यावर सापडला तर ते त्या वर्षाच्या आधीचे असू शकत नाही. मात्र त्यानंतर कितीही वर्षे तेच उत्पादन चालू राहिलेले असू शकते. इतिहासाच्या अभ्यासात ‘याच्या आधीचे नाही’ आणि ‘याच वर्षीचे’ यांत जे अंतर आहे, त्यात सगळी दंतकथा वस्ती करून राहते.

आणि दंतकथेचा विषय निघालाच आहे तर फर्फी कुटुंबाला टाळता येणार नाही.

जॉन फर्फी हा व्हिक्टोरियातील लोहार. १८७३ मध्ये तो शेपर्टन येथे आला आणि तेथे त्याची ओतशाळा वाढली. त्याची प्रसिद्धी झाली ती पाण्याच्या गाडीमुळे : १८० गॅलनांची आडवी टाकी, दोन्ही टोकांना बिडाच्या चकत्या आणि त्यांवर उठावदार अक्षरांत कुटुंबाचे नाव. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोज छावणीत या गाड्या पाणी पुरवीत. सैनिक गाडीभोवती जमत आणि गप्पा मारत. कोणती पलटण कोठे जाणार, युद्ध कधी संपणार, याच्या वावड्या तेथे उठत. त्यावरून ऑस्ट्रेलियन इंग्रजीत ‘फर्फी’ या शब्दाचा अर्थच ‘अफवा’ असा झाला.

योगायोग येथे थांबत नाही. जॉनचा भाऊ जोसेफ फर्फी भावाच्या ओतशाळेत काम करत असताना लेखन करीत होता. त्याची ‘सच इज लाइफ’ ही कादंबरी १९०३ मध्ये आली. त्याने टोपणनाव घेतले ‘टॉम कॉलिन्स’. बुशमधील बोलीत टॉम कॉलिन्स म्हणजे सगळ्या अफवांचा काल्पनिक उगमकर्ता! एका भावाचे आडनाव पुढे अफवेला मिळाले, दुसऱ्याने अफवेचे नाव आधीच स्वतःला लावले होते.

आज संग्राहकांत फर्फीचे नाव असलेल्या कॅम्प ओव्हनला मोठा मान आहे. तसाच मान मेटर्स या नावाला. फ्रेडरिक मेटर्स याची ही कंपनी ॲडलेडमध्ये सुरू झाली आणि पुढे चुली-शेगड्यांसाठी देशभर प्रसिद्ध झाली. या नावांविषयी आदर असणे रास्त आहे. पण किमती केवळ नावावर ठरू लागल्या की दोन गोष्टी घडतात. नावाच्या बनावट नकला करण्याचा मोह वाढतो. आणि निनावी भांडी भंगारात जातात किंवा त्यांची फुलांची कुंडी होते. गावातल्या ज्या लहान ओतशाळांचा इतिहास आधीच कमी लिहिला गेला आहे, त्यांचा उरलासुरला पुरावा नेमका याच निनावी भांड्यांत असण्याची शक्यता अधिक.

मग शोध घ्यायचा कोठे? या बाबतीत आजचा तरुण अभ्यासक भाग्यवान आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ हे विनामूल्य संकेतस्थळ २००९ पासून जुनी वृत्तपत्रे शोधण्याजोग्या स्वरूपात देते. तेथील वृत्तपत्रांची परंपरा १८०३ च्या ‘सिडनी गॅझेट’पासून सुरू होते. लोखंडी सामानाच्या दुकानांच्या जाहिराती, बंदरावर उतरलेल्या मालाच्या याद्या, दिवाळे निघालेल्या दुकानदाराच्या लिलावाची सूचना : भांड्यांचा इतिहास अशा रुक्ष मजकुरात दडलेला असतो. यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत चुका भरपूर असतात, म्हणून चुकीचे स्पेलिंग टाकूनही शोधावे लागते. वाचक त्या चुका स्वतः दुरुस्तही करू शकतात. सिडनीसाठी १८५८ पासूनच्या ‘सँड्स’ निर्देशिका आहेत. एखादी ओतशाळा कोणत्या रस्त्यावर कोणत्या साली होती, मालकाच्या नावापुढे ‘आणि मुलगे’ हे शब्द केव्हा लागले, हे त्यांतून कळते. भांड्यावरची अक्षरे आणि निर्देशिकेतील नोंद जुळली की तारीख दोन्ही बाजूंनी आवळता येते.

एक सापळा मात्र ओळखून असावे. जुन्या जाहिरातींत ‘कलोनियल ओव्हन’ असा शब्द वारंवार येतो. ती चौकोनी लोखंडी पेटी. ती घरातील शेकोटीत बसवून वर आणि खाली विस्तव करत. कॅम्प ओव्हनशी तिचा संबंध युक्तीपुरता. दोन्ही शब्द एक समजून काढलेली आकडेवारी पाण्यात जाते.

२०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी या ट्रोव्हचाच निधी संपत आल्याची बातमी आली होती. मोठा लोकक्षोभ झाल्यावर सरकारने पुढची तरतूद केली. एका भांड्याच्या लिलावात भाव चढवणाऱ्या मंडळींनी त्या बातमीकडे किती लक्ष दिले असेल, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. ट्रोव्ह नसते तर त्यांच्या भांड्यामागची बहुतेक गोष्ट फर्फीच राहिली असती.

आता या छंदातील सगळ्यांत अवघड भाग. कॅम्प ओव्हनभोवती जी कथा विणली जाते तिचा नायक ठरलेला असतो : एकटा, कणखर, गोरा वसाहतकार किंवा गुरे हाकणारा ड्रोव्हर. गुराखी आणि मेंढपाळ यांनी हे भांडे वापरले यात शंका नाही. परंतु भांडे वापरणारे हात त्याहून कितीतरी विविध होते. मोठ्या पशुपालन केंद्रांवर चिनी स्वयंपाकी असत. अंतर्भागात जड सामान पोचवण्याचे काम अनेक दशके उंटांच्या तांड्यांनी केले. हे उंटवाले ‘अफगाण’ म्हणून ओळखले जात, पण त्यांच्यात बलुचिस्तान, सिंध, पंजाब या भागांतील माणसेही होती. आठ-दहा किलोंचे भांडे रेल्वे नसलेल्या मुलखात पोचले ते अशाच पाठींवर. भांड्याच्या कथेत मात्र उंट आला तर शोभेपुरता येतो आणि उंटवाला येतच नाही.

आदिवासी स्त्री-पुरुषांचे श्रम तर या कथेतून जवळजवळ पुसले गेले आहेत. गोऱ्या कामगाराच्या आठवड्याच्या शिध्याचे सूत्र प्रसिद्ध आहे : १० पौंड पीठ, १० पौंड मांस, २ पौंड साखर आणि पाव पौंड चहा. उत्तर ऑस्ट्रेलियातील पशुपालन केंद्रांवर आदिवासी कामगारांना विसाव्या शतकात खोलवर, पुरेशा वेतनाऐवजी मुख्यतः शिध्यावर राबवले गेले. ऑगस्ट १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंजी कामगार वेव्ह हिल केंद्र सोडून निघाले, त्यामागे हा इतिहास होता. आणि मुळात जमिनीत खड्डा करून उष्णतेने अन्न भाजण्याची कला या खंडात जहाजांबरोबर आली नाही. आदिवासी समाज मातीच्या भट्ट्या हजारो वर्षे वापरत होते. बिडाचे भांडे खड्ड्यातल्या निखाऱ्यांत उतरले ते अशा भूमीत.

म्हणूनच भांडे कोणी बनवले याच्याइतकाच ते कोणी, कोठे, कसे वापरले हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याची उत्तरे केंद्रांच्या जमाखर्चात सापडू शकतात. कॅनबेरातील नोएल बटलिन अभिलेखागारात मोठ्या पशुपालन कंपन्यांचे दप्तर आहे. पण काही उत्तरे भांड्यावरच असतात. तुटलेल्या कडीच्या जागी कुंपणाची तार वळवून घातलेली असते. तडा गेलेल्या बाजूला पितळेने झाळलेले असते किंवा पत्र्याचे ठिगळ खिळ्यांनी ठोकलेले असते. एखादा पाय झिजून आखूड झालेला असतो. झाकण भलत्याच भांड्याचे असते. बाजाराच्या भाषेत हे सारे दोष. इतिहासाच्या भाषेत या नोंदी. नवे भांडे दूर असलेल्या, पैसा जपून वापरणाऱ्या घराचे वर्णन यापेक्षा नेमके कोणते कागदपत्र करील?

ठिसूळपणाच्या याच अडचणीतून ‘बेडूरी ओव्हन’ जन्माला आला. पश्चिम क्वीन्सलंडमधील बेडूरी येथील ड्रोव्हरांची बिडाची भांडी घोड्याच्या पाठीवरून पडून फुटत. त्यांनी पोलादी पत्र्याचे हलके भांडे वापरात आणले. त्याच्या झाकणाची कड खाली उतरते आणि ते उलटे करून तव्यासारखेही वापरता येते. बिडाच्या संग्राहकांपैकी काही जण त्याकडे नाक मुरडतात, ते अनाकलनीय आहे.

भांडे घरी आणल्यावर काय होते? कोणी ते कॉस्टिक सोड्यात बुडवतो, कोणी विजेच्या प्रवाहाने गंज सोडवतो, कोणी वाळूचा मारा करतो, कोणी सरळ होळीत टाकतो. काजळी, जुन्या तेलाचा थर, ठिगळ, तार सगळे जाते. तेल लावून भांडे पुन्हा काळेभोर होते, फळीवर चढते आणि खाली पाटी लागते : ‘सोन्याच्या खाणींवरील कॅम्प ओव्हन’. पाटीला आव्हान देऊ शकेल असा साक्षीदार तोवर धुतला गेलेला असतो.

याला संग्राहकांचे उत्तर आहे आणि ते पोकळ नाही. गंज थांबवला नाही तर भांडेच उरत नाही. काजळीखालची अक्षरे साफ केल्याशिवाय वाचता येत नाहीत. आणि भांडे शेवटी रांधण्यासाठी आहे. काचेच्या कपाटात ठेवून त्याची पूजा बांधण्यात अर्थ नाही. शिवाय जुन्या भांड्यांत कधी कधी बंदुकीच्या गोळ्यांसाठी किंवा गळाच्या वजनांसाठी शिसे वितळवलेले असते. तेव्हा आत करड्या रंगाचा संशयास्पद थर दिसला तर शिशाची चाचणी केल्याशिवाय त्यात अन्न शिजवणे धोक्याचे. ही सर्व कारणे मान्य केली तरी त्यांतून इतकेच सिद्ध होते की भांडे साफ करावे लागेल. नोंद न करता साफ करावे, असे त्यांपैकी एकही कारण सांगत नाही.

लुडविग लायखार्ट या संशोधकाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. १८४८ च्या मोहिमेवर गेलेला लायखार्ट परतलाच नाही. सुमारे १९०० साली एका बोआब झाडात बंदूक सापडली आणि तिच्यावर त्याचे नाव व ते साल असलेली छोटी पितळी पट्टी होती. ती पट्टी २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने मिळवली. तिच्यावर विश्वास बसला तो नाव कोरलेले होते एवढ्यामुळे नव्हे. नाव कोणीही कोरू शकतो. धातूची वैज्ञानिक तपासणी आणि पट्टी हातोहात कशी फिरली याचा माग, या दोहोंनी ती उभी राहिली. दर कॅम्प ओव्हनसाठी प्रयोगशाळा गाठता येणार नाही हे उघड आहे. हातोहात फिरल्याचा माग लिहून ठेवायला मात्र पेन्सिल पुरते.

तेव्हा भांडे हाती येताच, घासणीला हात लावण्यापूर्वी, तळ, झाकण, कान आणि कडी यांची छायाचित्रे घ्यावीत. व्यास आणि खोली मिलिमीटरमध्ये मोजावी, झाकणाचा व्यास वेगळा मोजावा. दुरुस्तीच्या जागा टिपाव्यात. कोणत्या गावातून, कोणत्या प्रकारच्या जागेतून आणि कोणाकडून भांडे आले ते लिहावे. विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत, ‘विक्रेत्याचे म्हणणे’ असा शेरा मारून उतरवावी. मग ती चिठ्ठी जाड पाकिटात घालून झाकणाखाली, भांड्याच्या आत ठेवावी आणि तिची एक प्रत घरातल्या फायलीत लावावी. कडीला बांधलेली चिठ्ठी पहिल्याच विस्तवात जळून जाते.